वेफरचं गाव कोणतं?

नदीनाक्यावरून वाड्याच्या रस्त्याला लागलं, की भिवंडी संपता संपता शेलार येतं. कामवारी नदीकाठचं हे गाव. घरांच्या ओळीत मध्येच यंत्रमागाचा कारखाना, त्याच्या भिंतीला टेकून किराणा दुकान, पुढे गॅरेज, पुढे परत घरं आणि रस्त्यावर गोदामांकडे निघालेले टेम्पो, कंटेनर. इथल्या दुकानांच्या तोंडाशी वेफर्सच्या पाकिटांच्या माळा लोंबतात. निळी पाकिटं मसाल्याची, हिरवी कांदा-मलईची, लाल टोमॅटोची, पिवळी साध्या मिठाची. पाळी सुटली की मागावरचा कामगार चहाबरोबर पाचचा पुडा घेतो. शाळा सुटली की मुलं घेतात. गोदामातून परतणारा हमाल घरच्या लेकरांसाठी दोन-तीन पुडे खिशात कोंबतो. दिवाळीत फराळाच्या ताटात चकली-चिवड्याशेजारी हेच वेफर्स येऊन बसतात आणि सर्वांत आधी तेच संपतात.

वेफर्सची चव तपासायला शेलारसारखी जागा नाही, असं मला मनापासून वाटतं. भिवंडीच्या या पट्ट्यात मूळचे आगरी, कुणबी, आदिवासी आहेत. यंत्रमागांमुळे उत्तर प्रदेशातून विणकर आले, तेलंगणातून पद्मशाली आले आणि शहरात पद्मानगरात त्यांची मोठी वस्ती झाली. सूत-कापडाच्या व्यापारात गुजराती, कच्छी, मारवाडी घराणी आहेत. गोदामं वाढली तशी देशभरातली तरुण मुलं कामाला आली. इतक्या जिभा एका रस्त्यावर नांदतात, म्हणून वेफर्सचे चार प्रकार इथे पायी फिरून गोळा करता येतात: कंपनीचं सीलबंद पाकीट, फरसाणवाल्याच्या काचेच्या पेटीतला सुटा वेफर, केळ्याचा वेफर आणि गच्चीवर वाळवलेली घरची चकती.

हे चारही प्रकार शेजारी शेजारी मांडून खायचे आणि एक प्रश्न विचारायचा, असं ठरवलं. वेफरला प्रदेश असतो का? असला तर तो नेमका कुठे असतो?

नाव झाकल्यावर

चव घेण्याची रीत साधी ठेवली. सगळे वेफर्स एकसारख्या पांढऱ्या ताटल्यांत ओतले, पाकिटं आत नेऊन ठेवली. आधी साधे खारे, मग मसाल्याचे, मग आंबट आणि शेवटी तिखट. दोन चवींच्या मध्ये घोटभर पाणी आणि चिमूटभर सुके कुरमुरे. चाखणारे शेजारपाजारचेच: एक आगरी आजी, यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ, त्यांच्या पत्नी, गोदामात काम करणारा त्यांचा भाचा आणि कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली.

खाऱ्या वेफर्सच्या ताटल्यांवर सगळ्यांनी भराभर मतं दिली. हा जाड आहे, हा पातळ. याचं तेल शेंगदाण्याचं, याचं नाही. याच्या कडा जास्त तळल्या गेल्यात. याच्यात बटाटा लागतो, त्याच्यात नुसता कुरकुरीतपणा. ठाणे-रायगडच्या खाडीकाठी आगऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवलं. आजींनी तर फरसाणवाल्याच्या वेफरवरचा मिठाचा कण जिभेवर धरून सांगितलं, की हे मीठ बारीक दळलेलं आहे, आणि जाडं असतं तर कमी लागलं असतं.

रंगीत चवींच्या ताटल्या पुढे आल्या आणि बोलणं अडखळलं. मसाला, चाट, टोमॅटो, लोणचं अशी पाकिटावर वेगवेगळी नावं असलेले वेफर्स डोळे मिटून खाल्ले तर आधी आंबट, मग गोडसर, मग किंचित तिखट आणि शेवटी तोंडात रेंगाळणारा एक मांसल भरीवपणा, असाच क्रम पुन्हा पुन्हा येत राहिला. कोणतं कोणतं, हे सांगताना सगळ्यांचाच गोंधळ उडाला. एका मुलीनं फार नेमकं सांगितलं: "मावशी, नाव वाचलं असतं तर लगेच ओळखलं असतं."

पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचली की याचं कारण कळतं. कांद्याची पूड, लसणाची पूड, टोमॅटोची पूड, साखर, धणे, मिरची, अमचूर, सायट्रिक आम्ल, माल्टोडेक्स्ट्रिन आणि ६२७, ६३१ असे दोन आकडे. कमी-अधिक प्रमाणात हीच मंडळी बहुतेक मसालेदार पाकिटांत भेटतात. १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्यापलीकडची पाचवी चव दाखवून दिली. टोमॅटोत हे ग्लुटामेट मुळातच असतं. ६२७ आणि ६३१ या आकड्यांमागची ग्वानिलेट आणि इनोसिनेट ही द्रव्यं त्याच्याबरोबर आली की ती चव कितीतरी पटींनी वाढते. पाकीट उघडलं की हात थांबत नाही, याचं बरंचसं श्रेय या जोडीला जातं.

यात फसवणूक नाही, कौशल्य आहे. तळलेल्या चकतीवरच्या तेलाच्या थराला ही पूड चिकटते आणि दातांच्या आधी जिभेला भेटते. पण ती वरून पडलेली चव आहे. पूड बदलली की तोच वेफर आज पंजाबी होतो, उद्या स्पॅनिश.

जगाची ताटं, एकाच चकतीवर

वरून चव टाकण्याची ही विद्या फार जुनी नाही. पातळ कापलेले बटाटे तळण्याची कृती विल्यम किचिनर या इंग्रज लेखकाच्या १८१७ च्या पाकपुस्तकात सापडते. अमेरिकेत साराटोगा स्प्रिंग्ज इथल्या जॉर्ज क्रम या आचाऱ्याने १८५३ मध्ये एका चिडखोर गिऱ्हाइकासाठी चिप्स शोधून काढले, ही गोष्ट जगभर सांगतात. ती आख्यायिकाच आहे. किचिनरचं पुस्तक तिच्याआधी तीन तपं छापलेलं होतं. पुढची बरीच वर्षं चव म्हणजे मीठच होतं. इंग्लंडात १९२० च्या दशकात स्मिथ कंपनी पाकिटात मिठाची निळ्या कागदाची पुडी वेगळी घालायची आणि खाणारा हवं तितकं टाकून पाकीट हलवायचा.

वळण आलं ते आयर्लंडमध्ये. जो मर्फी यांनी १९५४ मध्ये टेटो कंपनी काढली आणि चीज-कांद्याची चव कारखान्यातच वेफरवर लावली. त्यानंतर प्रत्येक देशाने आपलं जेवणाचं ताट या चकतीवर उतरवलं. जपानच्या कोइकेया कंपनीने १९६२ मध्ये वेफर आणला तो समुद्री शेवाळ आणि मीठ लावून, कारण जपानी माणूस भातावर तेच खातो. कॅनडात केचपची चव घराघरांत पोचली, ब्रिटनमध्ये कोळंबी कॉकटेलची, चीनमध्ये काकडीची, रशियात खेकड्याची. जपानच्या कॅल्बी कंपनीने तर २०१७ मध्ये देशातल्या ४७ प्रांतांसाठी ४७ वेगळ्या चवी करण्याचा उपक्रम सुरू केला.

आपल्याकडे १९९२ मध्ये अंकल चिप्स आले, १९९५ मध्ये लेज. सन २००० मध्ये लेजच्या मालक कंपनीने, पेप्सिकोने, अंकल चिप्स विकत घेतलं. परदेशी कंपनीला इथे पाय रोवता आले ते मसाल्याच्या चवीमुळे. २००७ मध्ये आयटीसीने बिंगो आणलं आणि लोणच्या-चाटच्या चवींची चढाओढ लागली. २००९-१० मध्ये लेजने लोकांकडूनच चवी मागवल्या, तेव्हा शेवटच्या फेरीत आंब्याची चवही पोचली होती. भारतीय जिभेला वेफरवरही आंबट-गोड-तिखट एकाच घासात हवं असतं, हे या सगळ्यांनी ओळखलं.

याच काळात एक देशी वाटही तयार होत होती. पुण्याच्या कॅम्पातल्या बुधानींचे वेफर्स १९५० च्या दशकापासून पुणेकरांच्या प्रवासाच्या पिशवीत आहेत. मुंबईत कुलाब्याच्या कॅमी वेफर्सचं नाव आहे. राजकोटच्या अ‍ॅस्ट्रॉन चित्रपटगृहाच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या चंदुभाई विराणींनी १९८२ मध्ये घराच्या अंगणात कढई मांडली आणि त्यातून बालाजी वेफर्स उभं राहिलं. त्यांचा वलसाडचा कारखाना महाराष्ट्राच्या उंबरठ्यावरच आहे, आणि शेलारच्या माळांमध्ये ही पाकिटं मानाने लटकतात. या सगळ्यांची सुरुवात कढईपासून झाली. बटाटा कुठला घ्यायचा आणि तेल कधी बदलायचं, हा त्यांचा पहिला धडा होता. पूड नंतर आली.

बटाट्याचा कस

भाजीचा बटाटा वेगळा आणि वेफरचा वेगळा. शेलारच्या फरसाणवाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. त्याच्या कढईशी उभं राहून पाहिलं. बटाटा सोलून तो थेट तेलावर धरलेल्या किसणीवरून चकत्या सोडत होता. आधी तेल उसळतं, मोठा आवाज होतो, मग बुडबुडे बारीक होत जातात. आवाज मंदावला की चकतीतलं पाणी गेलं. झाऱ्याने काढायची वेळ तो कानाने ठरवतो. साडेतीन-चार किलो बटाट्यांतून एक किलो वेफर निघतो. उरलेलं वजन वाफ होऊन छपराला जातं. म्हणून पाण्याचा अंश कमी आणि घनभाग जास्त, निदान २० टक्के, असा बटाटा हवा. पाणीदार बटाटा तेल जास्त पितो आणि लवकर मऊ पडतो.

दुसरी अट साखरेची. बटाटा थंडीत ठेवला की त्यातल्या पिष्टाची साखर होते. भाजीचा बटाटा शीतगृहात २ ते ४ अंशांवर महिनोन्‌महिने टिकतो, पण त्याच्या चकत्या तळल्या की लालसर-तपकिरी होतात आणि कडवट लागतात. वेफरचा बटाटा १० ते १२ अंशांवर ठेवावा लागतो. फरसाणवाल्याचे शब्द असे होते: "ताई, फ्रीजचा बटाटा वेफरला चालत नाही, काळा पडतो." त्याची पसंती इंदूरकडच्या मालाला. मालव्याच्या बटाट्याला साखर कमी म्हणून वेफरवाल्यांमध्ये त्याचं नाव आहे.

विज्ञानानेही यावर काम केलं. १९४९ मध्ये पाटण्यात सुरू झालेली आणि पुढे शिमल्याला गेलेली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था भारतीय शेतासाठी वाण तयार करते. १९९८ मध्ये तिने कुफरी चिप्सोना-१ आणि कुफरी चिप्सोना-२ हे खास वेफरचे देशी वाण दिले. घनभाग भरपूर, साखर कमी, करप्याला तोंड देणारे.

आणि महाराष्ट्राचा वाटा? पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात सातगाव पठार आहे. पेठ, कुरवंडी, भावडी, कारेगाव या गावांचा हा भाग पावसाळी बटाट्यासाठी ओळखला जातो. देशात बटाटा मुख्यतः रब्बीचं पीक. इथले शेतकरी तो पावसावर घेतात. बियाणं पंजाबातून येतं, माल मंचरच्या बाजारात जातो आणि बराचसा करारावर वेफरच्या कारखान्यांना. पेप्सिकोचा कारखाना तिथून जवळच, रांजणगावला आहे. म्हणजे शेलारच्या दुकानात पाच रुपयांना मिळणाऱ्या पाकिटातली चकती आपल्याच सह्याद्रीच्या सावलीत वाढलेली असू शकते. पाकिटावर मात्र परदेशाचं नाव असतं, पेठ-कुरवंडीचं नसतं.

या बटाट्याची मालकी कुणाची, हा प्रश्न न्यायालयातही गेला आहे. २०१९ मध्ये पेप्सिकोने गुजरातमधल्या काही शेतकऱ्यांवर एफसी-५ हे आपलं नोंदणीकृत वाण परवानगीशिवाय लावल्याचा दावा केला आणि त्यांतल्या काहींकडे प्रत्येकी एक कोटीहून जास्त भरपाई मागितली. देशभर विरोध झाला आणि त्याच वर्षी कंपनीने दावे मागे घेतले. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यातलं ३९ वं कलम शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा हक्क देतं, हे त्या निमित्ताने गावोगाव पोचलं.

उपासाची चकती

आमच्या चाखण्यात सर्वांत जास्त वेळ जिच्यावर गेला ती ताटली दुकानातली नव्हती. शेलारमधल्या एका घरून आलेल्या, वाळवणातल्या बटाट्याच्या चकत्या होत्या. तिथेच, समोर तळलेल्या.

चैत्र-वैशाखात उन्हं कडक झाली की घराघरांत हे काम निघतं. मोठे, जुने बटाटे सोलायचे. किसणीवर काप काढून लगेच पाण्यात टाकायचे, म्हणजे काळे पडत नाहीत. दोन-तीनदा पाणी बदलून ते स्वच्छ होईपर्यंत धुवायचे. मोठ्या पातेल्यात पाण्याला उकळी आली की मीठ आणि तुरटीचा छोटा खडा फिरवून काप सोडायचे. काप अर्धवट शिजून पारदर्शक दिसू लागले की चाळणीवर उपसायचे आणि धुतलेल्या लुगड्यावर किंवा प्लास्टिकवर एकेक सुटा पसरायचा. दोन-तीन कडक उन्हं मिळाली की चकती काचेसारखी खणखणीत होते आणि वर्षभर डब्यात राहते. तळताना कढईत पडताच दुप्पट फुलते आणि पांढरीशुभ्र राहते.

ती पांढरी का राहते, हे समजल्यावर त्या हातांबद्दलचा आदर वाढतो. गरम पाण्यात काप उकळले की त्यांतली साखर पाण्यात उतरते. मग तळताना रंग चढायला काही उरत नाही. तुरटीमुळे कापाचा पोत घट्ट राहतो, तो शिजताना मोडत नाही. कारखान्यातही बटाटा गोड झाला की काप कोमट-गरम पाण्यातून काढतात. तेच ज्ञान शेलारच्या गच्चीवर सासूकडून सुनेकडे तोंडी येत राहिलं आहे.

या चकत्यांना उपासाचं बळ आहे. बटाटा पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. तरी महाराष्ट्राने त्याला एकादशी, चतुर्थी, नवरात्रीच्या फराळात मानाने बसवलं. हळद, हिंग, मोहरी, कांदा, लसूण सगळं वर्ज्य. राहतं काय? मीठ, मिरची, काही घरी जिरं, शेंगदाण्याचं तेल. वर टाकायला काही नसल्यामुळे बटाट्याला स्वतःच्या चवीवर उभं राहावं लागतं. शेजारच्याच जैन कुटुंबात कंदमुळं चालत नाहीत, म्हणून तिथे हीच जागा कच्च्या केळ्याचा वेफर घेतो. एका गल्लीत एकाचा उपासाचा पदार्थ दुसऱ्याला वर्ज्य, आणि दोघांच्याही कढईत कुरकुरीतपणा तोच.

आमच्या चाखणाऱ्यांनी या ताटलीबद्दल एकमुखाने एकच सांगितलं: याला बटाट्याचा वास आहे. यंत्रमागावरच्या गृहस्थांच्या पत्नी आझमगढकडच्या. तिकडे होळीच्या आधी आलूचे चिप्स आणि पापड असेच वाळवतात, असं त्या म्हणाल्या; फक्त त्या तळल्यावर वरून काळं मीठ आणि मिरपूड घालतात. भिवंडीच्या आगरी आजी आणि आझमगढच्या सूनबाई कापाच्या जाडीवर बराच वेळ बोलत राहिल्या.

केळं, नारळ आणि फणस

केळ्याच्या वेफरकडे आलं की प्रदेश आणखी स्पष्ट ओळखू येतो. केरळी पद्धतीत नेंद्रन जातीचं कच्चं केळं खोबरेल तेलात तळतात. मीठ-हळदीचं पाणी उकळत्या तेलातच शिंपडतात. तेल तडतडतं, पाणी उडून जातं आणि मीठ चकतीच्या आत शिरतं. म्हणून त्या वेफरला बोटाला लागणारा मिठाचा कण नसतो, तरी तो घासभर खारा असतो. मुंबईत माटुंग्याला दाक्षिणात्य आणि कच्छी वस्ती शेजारी आहे, तिथे दोन्ही वस्त्यांच्या केळ्याच्या वेफरच्या परंपरा एका फेरफटक्यात चाखता येतात.

खानदेशात जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, सावदा, फैजपूरचा पट्टा केळीचा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडचा वेफर पातळ, फिकट, हलका. खोबरेलाचा वास नाही, केळ्याचा किंचित तुरटपणा जिभेवर राहतो. आमच्याकडे दोन्ही ताटल्या नाव झाकून ठेवल्या होत्या आणि एकाही माणसाने त्यांत गल्लत केली नाही. जोडीला ठेवलेल्या कोकणातल्या तळलेल्या फणसाच्या गऱ्यांनाही कोणी दुसरं काही समजलं नाही. पिवळसर, लांबट, मध्ये जाड, कडेला पातळ, आणि चावताना शेवटी येणारा मधासारखा वास.

वरून पूड टाकलेल्या चवींमध्ये सगळे चुकले, केळ्या-फणसात आणि वाळवणात कोणीही चुकलं नाही. लेखाच्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. वेफरचा प्रदेश पुडीत नसतो. तो वाणात, तेलात, कापाच्या जाडीत, मीठ कधी घातलं यात आणि कोणत्या दिवशी खायचा यात असतो.

कुरकुरीतपणाची जपणूक

कुरकुरीतपणा ही चव निम्मी कानाची आहे. ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी मासिमिलियानो झाम्पिनी यांनी २००४ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. खाणाऱ्यांना त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून ऐकवला. त्यातला उंच सूर वाढवला की तोच चिप लोकांना जास्त ताजा वाटला. कंपन्या पाकिटात नायट्रोजन भरतात तो हा ताजेपणा टिकवण्यासाठी. ऑक्सिजन नसला की तेल खवट होत नाही, आणि फुगलेल्या पाकिटात चकत्या मोडत नाहीत. पावसाळ्यात शेलारची हवा इतकी दमट असते, की उघडा पुडा तासाभरात नरम पडतो. सुटा वेफर घेतला तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावा आणि दोन-चार दिवसांत संपवावा.

प्रमाणही सांभाळायला हवं. वेफरच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग तेल असतं. २००२ मध्ये स्वीडनच्या अन्नसंस्थेने दाखवून दिलं, की पिष्टमय पदार्थ फार तापमानावर तळले की त्यात अ‍ॅक्रिलामाइड हे घातक द्रव्य तयार होतं. जास्त लाल झालेल्या वेफरमध्ये ते जास्त असतं. म्हणून फिकट सोनेरी वेफर निवडणं चवीलाही बरं आणि तब्येतीलाही. आणि रोज दुपारच्या डब्याऐवजी पाचचा पुडा खाणाऱ्या मुलाला जेवणाची गरज आहे, वेफर त्याची जागा घेऊ शकत नाही.

नाव छापा

आपण हापूस घेताना देवगडचा की रत्नागिरीचा, हे विचारतो. तांदूळ घेताना आंबेमोहोर की इंद्रायणी, ते पाहतो. मग वेफरला बटाटा कुठला, हे का विचारू नये? पाकिटावर चवीचं नाव ठळक छापलं जातं, तिथे वाणाचं आणि तालुक्याचं नावही छापता येईल. "कुफरी चिप्सोना, सातगाव पठार, शेंगदाणा तेल, अमुक तारखेला तळलेला" एवढी एक ओळ. ती आली तर पेठ-कुरवंडीच्या शेतकऱ्याला आपल्या मालाची ओळख मिळेल. फरसाणवाल्याला चांगल्या बटाट्याचे दोन पैसे जास्त मागता येतील. बचत गटांतल्या बायकांनी गच्चीवर वाळवलेल्या चकत्यांनाही "शेलारचं वाळवण, वैशाखातलं" अशी पाटी लावून दुकानाच्या माळेत जागा मागता येईल. मोठ्या कंपन्यांनी ती ओळ छापेपर्यंत थांबायची गरज नाही. या दिवाळीत फराळासाठी वेफर्स घेताना दुकानदाराला बटाटा कुठला आणि तेल कोणतं, हे दोन प्रश्न विचारा. जो दुकानदार उत्तर देऊ शकतो, त्याचेच वेफर्स घ्या.